बिनचकाचा लेथ

आमचं घर आणि वडिलांचं, म्हणजे आबांचं, वर्कशॉप यांच्यात एकच भिंत होती, आणि तीसुद्धा अर्ध्यापासून वर पत्र्याची. सकाळी आठला मशीनचा पट्टा फिरायला लागला की फडताळातल्या वाट्या थरथरायच्या आणि आई भाकरी थापता थापता कान तिकडे लावून बसायची. तिनं जन्मात कधी लेथला हात लावला नाही, पण पत्र्यापलीकडं काय चाललंय ते तिला आबांच्या आधी कळायचं. "सुमे, जा, अण्णास्नी सांग हत्यार बोथाटलंय म्हणून. मघापासनं चिरकतंय," असं ती सांगायची. मी निरोप घेऊन गेले की अण्णा फणकारायचे, "वैनीस्नी म्हणावं, तुमी भाकरीकडं बघा." आणि दोन मिनिटांनी मुकाट्यानं मशीन बंद करून हत्याराला धार लावायला उठायचे. शेजारच्या फौंड्रीची धग लागलेला वारा, जळक्या तेलाचा वास आणि त्या सगळ्याला पुरून उरणारा आईच्या खर्ड्याचा ठसका, यात मी वाढले. आज माझा मुलगा ज्या शेडमध्ये काम करतो तिथली फरशी पुसलेली असते आणि मशीन काचेच्या पेटीत बसलेलं असतं. चांगलंच आहे की. पण तिथं गेलं की मला भूक म्हणून लागत नाही.

अण्णा म्हणजे आबांचे टर्नर. निपाणीकडचे. घरात कानडी, दारात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. लेथवर उभं राहून त्यांना तीस वर्षं झाली होती आणि हे ते दिवसातून तीनदा तरी सांगायचे. मला ते 'तंगी' म्हणायचे, म्हणजे त्यांच्या भाषेत धाकटी बहीण. वयानं मी त्यांच्या लेकीएवढी, पण नातं त्यांनी ठरवलेलं, तिथं कुणाचं काय चालणार?

मी बारावी झाले त्या वर्षी आबांनी गडहिंग्लजहून एक जुना लेथ आणला. तिथलं कुणाचं तरी वर्कशॉप बंद झालं होतं. ट्रक आला तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. रंग उडालेला, नावाची पाटी उचकटलेली, पण आबा त्याच्यावरून हात असा फिरवत होते की आमच्या मामानं नव्या म्हशीच्या पाठीवरनंही फिरवला नसता. "ह्ये बीड बघा! असलं ओतीव आता मिळंल काय?" ते ज्याला त्याला विचारत होते. पण मशीनला चक नव्हता. चक म्हणजे लेथचा जबडा. कापायची वस्तू त्यात घट्ट धरून फिरवतात. तो जुन्या मालकानं आधीच कुणाला तरी देऊन टाकला होता. समोरचे वेल्डर म्हणाले, "आबा, नवरी झ्याक हाय, पर दातच न्हाईत की वो!" सगळे फिदीफिदी हसले. आबांना ते लागलं. "दात बसवतो की! खंडेनवमीच्या आत बसवतो," असं ते भर गल्लीत बोलून बसले. खंडेनवमीला सगळ्या वर्कशॉपांत मशीनला झेंडूचे हार पडतात, पण बंद मशीनची पूजा करायची नाही असा आबांच्या वडिलांपासून आमच्या घरात नेम होता. आणि खंडेनवमी बारा दिवसांवर आली होती.

नवा चक मिळत होता, पण तो लेथवर थेट बसत नाही. मध्ये बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक जाड थाळी लागते, तिला बॅकप्लेट म्हणतात. लेथचा जो फिरता दांडा असतो, स्पिंडल, त्याचं नाक पुढं आलेलं असतं आणि त्या नाकावर आटे असतात, बाटलीच्या तोंडावर असतात तसे. थाळीच्या भोकात आतून तेच आटे कापायचे आणि थाळी झाकणासारखी फिरवून नाकावर बसवायची. तेच म्हणजे अगदी तेच. आट्याआट्यातलं अंतर केसाएवढं चुकलं तरी थाळी अडते. आता हे आटे इंचातले का मिलिमीटरमधले, हे सांगणारा कागदाचा कपटासुद्धा मशीनबरोबर आला नव्हता. आबा म्हणायचे मशीन विलायती, म्हणजे इंग्लंडचं आहे, अण्णा म्हणायचे जर्मन आहे, आणि दोघांनाही ते कुणी सांगितलं नव्हतं.

माझं त्या दिवसांत वेगळंच चाललं होतं. मावशीनं डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. मावशी शाळेत बाई होती, पंख्याखाली बसून पगार घ्यायची, आणि आईचं म्हणणं, पोरीच्या जातीला याहून चांगलं काय? मला लेथवर उभं राहायचं होतं. मी ते बोललेही होते. आबा माझ्या वेणीकडं बोट दाखवून म्हणाले, "आनि ही शेपटी चकात गावली म्हंजे? डोकं काय माझं जाणार हाय?" वेणी माझी कमरेखाली होती आणि भीती काही खोटी नव्हती, एवढं आज मी कबूल करते. तेव्हा केलं नसतं. मला परवानगी होती ती फक्त माप वाचायची. आबांची जवळची नजर गेली होती आणि चष्मा लावायची त्यांना लाज वाटायची. व्हर्निअर, म्हणजे आम्ही बारीक माप ज्यानं घेतो ते साधन, आबा स्वतः लावायचे आणि ओरडायचे, "सुमे, किती?" मी आकडा सांगायचे. गल्लीला वाटायचं आबा पोरीला शिकवतायत. खरं तर पोरगी आबांचे डोळे झाली होती.

आणि एक गोष्ट आबांना ठाऊक नव्हती. आमची सुट्टी सोमवारी असायची, रविवारी काम चालायचं, पण आबा दर रविवारी सकाळी जोतिबाला जायचे. ते डोंगरावर गेले की अण्णा मला लेथवर उभं करायचे. वेणी पोलक्याच्या आत खुपसून मी आधी नुसतं लोखंड सोलायला शिकले, मग आटे कापायला. "हात हलका हाय तुजा, तंगी," अण्णा म्हणायचे, "पर बाला सांगू नगंस. माजी नोकरी घालवशील." वर्षभर हे चाललं होतं.

तर माप. अण्णांकडं आटे ओळखायचं गेज होतं, फणीसारख्या दातांची पाती असलेलं, पण त्यातली सगळी पाती मिलिमीटरची. तीनचं पातं त्यांनी नाकावर लावलं. ते बसलं म्हटलं तर बसलं, नाही म्हटलं तर नाही, कारण खाचांत वर्षानुवर्षांचं तेल वाळून डिंक झालं होतं. मग मोजायचं ठरलं. अण्णा सुईचं टोक एकेका आट्यावर ठेवत मोजायला लागले, "लाभ, दोन, तीन, चार…" आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि अण्णा शेतकऱ्याच्या घरचे, ते बायकोच्या गोळ्यासुद्धा लाभपासून मोजायचे. दहाव्या आट्यावर सुई थांबली. आबांनी पहिल्या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हर्निअर लावला. "सुमे, किती?" मी वाचलं, "अठ्ठावीस आन् सहा," म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटर आणि वर सहा दशांश. अण्णा म्हणाले, "धा आट्याला अठ्ठावीस-सहा. म्हंजे एकाला तीनला वाईच कमी. जुनं मशीन हाय, झिजलंय. तीन धरा." आबांनी खात्रीसाठी स्वतः पुन्हा मोजलं, लाभ, दोन, तीन, चार, आणि दहाच भरले. नाकाची जाडी सत्तावन्नच्या वर किंचित भरली. अण्णा म्हणाले, "मूळचं साठ असणार. झिजलंय."

साठाचं झिजून सत्तावन्न! आणि आट्याआट्यातलं अंतरही झिजून कमी? आटे झिजले तर बारीक होतील, बोथट होतील, पण एकमेकांच्या जवळ कसे येतील? दात झिजले म्हणून जबडा लहान होतो होय? पण तीस वर्षांपुढं माझं तोंड उघडलं नाही. याचा राग मला अण्णांपेक्षा स्वतःचा जास्त आला, आणि अजून येतो.

शेजारच्या फौंड्रीवाल्या पाहुण्यानं थाळीचं एक ओतीव दिलं होतं. अण्णांनी आमच्या चालत्या लेथवर दोन दिवस खपून त्यात नाकाच्या आत्ताच्या जाडीला बसतील असे तीन मिलिमीटरचे आटे कापले. देखणं काम, आरशासारखं. घरातली, दारातली सगळी उभी राहिली आणि अण्णांनी थाळी नाकाला लावली. दीड फेरा गेली आणि थांबली. "बसंल. पहिल्यांदा अडतंयच," म्हणत अण्णांनी लाकडी दांडका उचलला. आबांनी त्यांचा हात धरला. "अण्णा, नाक बिघाडलं तर आख्खं मशीन भंगारात जाईल! काडा ती." काढताना दोघांना घाम फुटला. समोरचे वेल्डर कोपऱ्यात उभे होते, ते मान खाली घालून आपल्या दुकानाकडं निघून गेले.

"मापातच चुकलंय," अण्णा म्हणाले. "वाचलं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अण्णांच्या मनात वाईट नव्हतं, ते बोलून गेले. पण आबांचा चेहरा उतरला. "तुज्या जिवावर बसलो, सुमे," ते म्हणाले. "माजीच चूक. उद्या-परवा त्यो फॉर्म भर. ह्ये तुजं काम न्हवं."

"मी बराबर वाचलंय!" मी ओरडले. "अठ्ठावीस-सहा म्हंजे अठ्ठावीस-सहाच! मोजा की परत!" कुणी मोजलं नाही. आबा पाठ फिरवून बाहेर गेले. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. माणसं रागावली की जेवत नाहीत म्हणे. मी त्या रात्री रागाच्या भरात भाकरी आणि खर्ड्यावर असा हात मारला की आईनं टोपल्यावर झाकण टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा जेवून आडवे झाले, अण्णा तंबाखू मळत बाहेर बसले. मी रॉकेलची वाटी आणि काडेपेटी घेऊन त्या नाकासमोर बसले. एकेक खाच काडीनं खरवडली. काळा डिंक निघाला आणि खालून पांढरं शुभ्र पोलाद वर आलं. मग वहीचा कागद आट्यांवर दाबून तेलकट अंगठ्यानं घासला. आट्यांच्या काळ्या रेघा कागदावर उमटल्या, शेजारी शेजारी. तो कागद मी मांडीवर घेऊन बघत होते. भिंतीपलीकडं आई मामाकडून आलेली शाळूची ज्वारी मापत होती. मापटं भरायचं, तळहातानं सपाट करायचं, डब्यात ओतायचं. "लाभ." पुन्हा भरायचं, ओतायचं. "दोन." ज्वारी डब्यात पडल्याचा आवाज आधी यायचा, आणि मग लाभ.

मी ताडकन उठले. आई मापटं भरल्यावर लाभ म्हणत होती. रिकामं मापटं हातात धरून नाही! आणि अण्णा पहिल्या टोकावर सुई ठेवूनच लाभ म्हणाले होते. पहिल्या टोकावर काय मापलंय? काहीच नाही. तिथून तर सुरुवात. दुसऱ्या टोकावर गेलं की एक आटा भरला. दहा टोकांमध्ये आटे नऊच! मी कागदावर अठ्ठावीस-सहाला नवानं भागलं. तीन आणि वर एक-सात-काहीतरी. हे मिलिमीटरचं माप नव्हतंच. मी स्टीलची पट्टी उलटी करून इंचाची बाजू रेघांना लावली. इंचाचे आठ भाग, एकेक भाग म्हणजे एक सूत, सुतार-गवंडी वापरतात तेच. पहिली रेघ पट्टीच्या रेघेवर, दुसरी पुढच्या सुतावर, तिसरी त्याच्या पुढच्या, शेवटपर्यंत सगळ्या रेघा सुतांवर. इंचाला आठ आटे. आणि सत्तावन्नच्या वर किंचित म्हणजे बरोब्बर सव्वादोन इंच. कुठं काही झिजलेलं नव्हतं. मी एकटीच त्या शेडमध्ये नाचले म्हटलं तरी चालेल.

"आबा, उठा. मोजा," मी त्यांना हलवून उठवलं. ते वैतागत आले. सुई हातात दिली. "लाभ," ते म्हणाले.

"कसला लाभ? कुटं भरलं माप, आबा? अजून मापटं रिकामंच हाय की!"

आबांनी सुई खाली ठेवली. मग बोट पहिल्या टोकावरून खाचेत उतरवलं, पुढच्या टोकावर चढवलं आणि हळूच म्हणाले, "हितं लाभ." तसे शेवटपर्यंत गेले. नऊ. पट्टी लावली, मी सुतं दाखवली. आणि आबा असे हसायला लागले की त्यांना खाली बसावं लागलं. "आयला, अण्णा! आपुन आटं मापलं का जुंधळं?" असं ते बाहेर ओरडले. आयुष्यभर ओळखीचेच नट-बोल्ट केले, गेज लावलं की काम झालं; अनोळखी आटा मोजायची वेळ दोघांवर कधी आली नव्हती. आज माझा नातू मोबाइलमधनं फोटो काढून आट्याचं नाव शोधतो. शोधू दे. पण मीही त्याला पहिल्या टोकाला 'शून्य' म्हणायला लावते.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी कागद बघितला, पट्टी बघितली, टोपी घातली आणि सायकल काढून निघून गेले. चहा आला होता, तोही न घेता. कोल्हापुरात चहा न घेता जाणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी आले, काम केलं, चहा परत. आई हळहळली. मला वाटलं, माझ्या खरेपणापायी एक माणूस तुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले ते सायकलच्या कॅरिअरला पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी बांधून. थाळीचं नवं ओतीव. फौंड्रीत जाऊन, स्वतः उभं राहून ओतून घेतलेलं. ते त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं.

"जिनं मोजलं तिनंच कापायचं. मी हात लावणार न्हाई."

आबा म्हणाले, "अण्णा, खुळं का काय तुमी? त्या पोरीला काय येतंय?"

"येतंय काय? वरीसभर रव्वारी कोण कापतंय म्हणतासा?"

आबांनी माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं. "मी जोतिबाला गेलतो तवा?"

"तुमी देवाकडं, आमी कामाकडं," अण्णा म्हणाले, आणि पत्र्यापलीकडनं आईचा आवाज आला, "मला ठावं हाय की. रव्वारचं मशीन न्यारंच वाजतंय." एवढं बोलून ती आत आली, हाताला पीठ तसंच. तिनं मला खाली बसवलं, माझी वेणी गरगर फिरवून डोकं दुखेपर्यंत घट्ट अंबाडा घातला, वरून आबांच्या जुन्या धोतराचं फडकं कचकून बांधलं आणि म्हणाली, "आता गुतू दे बघू कसं गुततंय." डी.एड. व्हावं म्हणून दोन महिने माझं डोकं खाणारी हीच आई! मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. आबांनी काही हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

मी आधी एका तुकड्यावर नाकाची नक्कल केली, तसेच आटे बाहेरून कापून. ती नाकाशेजारी धरली तर आट्यात आटा असा बसला की मधून उजेड दिसेना. मग थाळी. लेथची दातेरी चाकं बदलून इंचाला आठचा हिशेब अण्णांनी लावून दिला आणि मग खरंच हात मागं बांधून उभे राहिले. बिडाचा काळा भुगा उडत होता, आणि दर फेऱ्याला मी नक्कल लावून बघत होते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी थाळी नव्या लेथच्या नाकाला लावली. एक फेरा. दोन. दीडच्या पुढं गेली तेव्हाच अण्णांनी सुस्कारा सोडला. चार, पाच, सहा, बोटानं फिरत गेली आणि शेवटी नाकामागच्या खांद्याला टेकली. आबांनी डोळे मिटून थाळी हातानं ओढून बघितली. हलली नाही. "बसली," एवढंच म्हणाले. आईनं चहा आणला, आणि अण्णांनी तो बशीत ओतून दोन कप घेतला.

रात्रीत थाळीवर नवा चक चढला, मशीन फिरलं. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, हार पडले, समोरच्या वेल्डरनी प्रसादाचा पेढा उचलून "दात आलं की!" म्हटलं. पण फॉर्मचं कुणी काही बोलेना. मी विचारायला भीत होते आणि आबा विषय काढत नव्हते. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी फॉर्म द्यायची शेवटची तारीख होती. त्या दिवशी मी इस्त्रीचा ड्रेस घातला, फॉर्म पिशवीत घातला आणि वर्कशॉपमधून बाहेर निघाले. अण्णा सणाला गावी गेलेले. आबा दारात स्टुलावर बसलेले. एवढ्यात नृसिंहवाडीकडचा एक शेतकरी आला, खांद्यावर पंपाचा वाकडा दांडा. मोटार बंद, उभा ऊस पाण्याला आलेला. त्यानं आत डोकावून बघितलं, माझ्यावरून नजर पुढं नेली आणि विचारलं, "मिस्त्री कुटं हायत?"

आबा स्टुलावरून उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"ह्या काय, समोर हुब्या हायत की, पावणं," ते म्हणाले. "पर आज जरा घाईत दिसत्यात. थांबत्यात का बघा. इचारा त्यास्नीच."

आबांनी मला जन्मात कधी 'त्या' म्हटलं नव्हतं. त्या माणसानं मला खालून वर निरखलं, खांद्यावरचा दांडा उतरवून दोन्ही हातांत धरला, आणि ज्याची गरज असते तो जसा विचारतो तसं सरळ विचारलं, "थांबतासा काय, मिस्त्री?"

"थांबतो की," मी म्हणाले, आणि हात पुढं केला.